आम्ही तिचा आवाज मागितला

माझ्या वरच्या खोलीत दुपारी पुष्कळ बायका बोलतात, हे मला शेजारणीनं सांगितलं. पाण्याच्या दिवशी ती टाकी भरली का बघायला गच्चीवर जाते, आणि तिची गच्ची व माझी वरची खोली यांच्यात एकच भिंत आहे.

"बाई, ती पोरगी एकटीच राहते ना? मग एवढ्या बायका कुठून येतात? जिना तर तुमच्या दारातनंच जातो."

तिच्या घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी ती मराठीत बोलते. तिचे दोन माग खालच्या खोलीत दिवसभर चालू असतात, त्यामुळं एरवी तिला ओरडून बोलायची सवय आहे. त्या दिवशी मात्र ती माझ्या कानाशी आली होती.

मी तिला म्हटलं, फोनवर बोलत असेल. पण माझ्याही मनात तेव्हा दोन आठवडे तेच चाललं होतं. दुपारी दोनला मुलगी दार लावून घ्यायची ते चारला उघडायची. भवानी पेठेत उन्हाळ्याच्या दुपारी दार लावून पत्र्याखाली कुणी बसत नाही. मी शिक्षिका होते, पस्तीस वर्षं वर्ग सांभाळले. बंद दारामागं काय चाललंय हे बघायची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नव्हती.

मुलगी अफगाण होती. इथल्या विद्यापीठात शिकायला आली, आणि तिचं शिक्षण चालू असतानाच तिकडचं सरकार पडलं. पदवी हातात आली तेव्हा परत जायला जागा उरली नव्हती. वसतिगृह सोडावं लागलं. तिला माझ्याकडं आणलं ते उर्दूच्या बाईंनी. आम्ही दोघी एकेकाळी एकाच शाळेत होतो, मी मराठी शिकवायचे, त्या उर्दू. पती गेल्यापासून माझी वरची खोली रिकामीच होती.

"तुम्ही ओळखता का हिला?" मी त्यांना विचारलं होतं.

"तुमच्याइतकीच," त्या म्हणाल्या. "कालच भेटली. पण भूक लागलेली असून दोनदा नको म्हणाली. अशी मुलगी घरात चालते."

मुलगी हिंदी चांगलं बोलायची, टीव्हीवरच्या मालिका बघून शिकली होती. मला 'खालाजान', म्हणजे मावशी, म्हणायची. कडक भाकरी चहात बुडवून खायची, शेंगाचटणी मात्र तिला झेपली नाही. घरच्यांबद्दल विचारलं की हसायची आणि विषय बदलायची. कुणी फोटो काढायला लागलं की उठून आत जायची.

पोलीस चौकीतून एकदा हवालदार येऊन गेला. परदेशी भाडेकरू म्हणून येणं त्याचं कामच होतं. त्यानं कागद उलटेपालटे करून पाहिले.

"कागदं तर सगळी बराबर हायती, बाई. पन ही दिवसभर करती काय?"

"अभ्यास."

"अभ्यास तर संपलाय की हिचा."

त्यानं पाणी मागून घेतलं, प्यायला, आणि जाता जाता म्हणाला, "लक्ष असू द्या. आमाला तुमचंच नाव म्हाईत हाय."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. म्हणून एका दुपारी ती विद्यापीठात व्हिसाच्या कागदांसाठी गेली असताना मी माझ्याकडची किल्ली घेऊन वर गेले. हे सांगायला मला आजही लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. आपलंच घर आहे, असं मी जिन्यावर स्वतःला सांगत होते.

खोलीत एक चादर घडी करून ठेवलेली आणि तिच्याखाली वह्या होत्या. आमच्या वर्गात पोरं वापरायची तशाच, दोनशे पानी. सगळ्या भरलेल्या. अक्षर बारीक, उजवीकडून डावीकडं जाणारं, खाडाखोड जवळजवळ नाही. एकाही पानावर नाव दिसत नव्हतं. प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर एक छोटं फळ काढलेलं होतं, कुठं डाळिंब, कुठं तुती, कुठं जर्दाळू, कुठं खरबूज. मला ते काहीतरी सांकेतिक वाटलं. मी एका पानाचा फोटो काढला आणि संध्याकाळी उर्दूच्या बाईंकडं गेले. फारसी त्यांनी एम. ए.ला घेतली होती.

त्यांनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि मराठीत सांगत सांगत वाचायला लागल्या. एक आई मुलीच्या शाळेच्या गणवेशाची शिवण उसवते आहे. शाळा बंद झाली, कापड चांगलं आहे, उशीचा अभ्रा होईल. ती टाका उसवते आणि प्रत्येक टाक्याबरोबर मुलगी एकेक पाढा म्हणते. आई म्हणते, हळू म्हण. मुलगी म्हणते, तू हळू उसव.

इथं बाई थांबल्या.

"हा फोटो तुम्हाला तिनं दिला?"

"नाही."

"म्हणजे चोरला." त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला. "ही गोष्ट आहे, बाई. कुणीतरी जीव मुठीत धरून सांगितलेली गोष्ट. आता आपण दोघी जाऊन तिला सांगायचं. तुम्ही एकट्यानं नक्को, मी पण वाचलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला सांगितलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. तिनं माझा फोन मागितला, फोटो स्वतः पुसला, मग पुसलेले फोटो जिथं साठतात तिथं जाऊन तिथूनही पुसला. नंतर वर गेली आणि बॅग भरायला लागली. उर्दूच्या बाई तिच्यामागं गेल्या. तास दीड तास दोघींचं बोलणं चाललं होतं. खाली मी भात लावला, तो लागला, दुसरा लावला.

बाईंनी खाली येऊन मला जे सांगितलं ते असं. तिकडं काही बायका लिहितात. पूर्वी त्यांची पुस्तकं निघायची, रेडिओवर कथा व्हायच्या. आता घराची झडती झाली तर कागद सापडायला नको, फोन तपासला तर मजकूर सापडायला नको. म्हणून घरातले पुरुष कामावर गेले की दुपारी त्या फोनवर जमतात. एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात, चुका काढतात, भांडतात. वाचून झालं की कागद चुलीत. आणि ही मुलगी इथं सोलापुरात बसून प्रत्येक वाक्य लिहून घेते, कारण तिच्या दारावर रात्रीबेरात्री कुणी येणार नाही. तिच्या वह्या हीच त्यांची एकमेव प्रत.

"आणि त्या प्रतीला तुम्ही हात लावलात," बाई म्हणाल्या.

मुलीनं गटाला सगळं कळवलं. बरेच दिवस वर आवाज आला नाही. शेजारणीनं विचारलं, आता बायका येत नाहीत वाटतं? मी म्हटलं, सुट्टी आहे.

मग एका दुपारी मला वर बोलावलं. फोनवर हेरातच्या एक वयस्कर बाई होत्या. वहीत नावाच्या जागी त्यांचं चित्र तुतीचं होतं, म्हणून मी त्यांना तुतीच म्हणेन. त्या प्रश्न विचारत होत्या, मुलगी हिंदीत सांगत होती. तुम्ही चौकीत काय सांगितलंत? घरात अजून कोण येतं? किल्ली किती जणांकडं आहे? शेवटी म्हणाल्या, तुम्ही लिहिता असं कळलं, काय लिहिता? मी म्हटलं, दिवाळी अंकात कधी एखादी कथा येते. त्या म्हणाल्या, मग सांगा एक. मी माझी एक कथा थोडक्यात सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकली आणि म्हणाल्या, शेवट घाईत केलात.

मला राग आला आणि बरंही वाटलं. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या शेवटाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. मी माझी किल्ली मुलीला देऊन टाकली.

त्यानंतर आम्ही दोघी म्हाताऱ्या दुपारी वर बसू लागलो. उर्दूच्या बाई कानात सांगायच्या, मी ऐकायचे. त्या बायका एकमेकींना सांभाळत होत्या, पण गोडगोड बोलून नाही. तुती क्रियापदावरून अर्धा अर्धा तास झापायची. मजार शहराकडची एक सुईण होती, तिचं चित्र खरबुजाचं. कामामुळं तिला अजून घराबाहेर पडता यायचं, म्हणून कुणाला औषध, कुणाला कोरी वही ती ओळखीतून पोचवायची. सगळ्यांत लहान होती जर्दाळू. एकदा तिच्या भावाला तिच्याकडं कागद सापडले, त्यानं ते शेगडीत घातले. ती फोनवर एवढंच म्हणाली, मी आता लिहिणार नाही, मला स्वतःलाच काही आठवत नाही.

मुलीनं मागची वही काढली आणि जर्दाळूचीच कथा तिला वाचून दाखवायला लागली. मध्ये वीज गेली. पंखा बंद, पत्रा तापलेला, आमच्या अंगाला कपडे चिकटलेले. मुलगी वाचत राहिली. तिकडच्या बायकांपैकी कुणी फोन ठेवला नाही. संपल्यावर जर्दाळू म्हणाली, तिसऱ्या पानावर मी 'दार' म्हटलं होतं, 'फाटक' नाही. तुती म्हणाली, दुरुस्त करा.

मग डाळिंबाच्या घरी झडतीला माणसं आली. डाळिंब काबूलची, पूर्वी शिकवायची, माझ्यासारखीच. घरात काही मिळालं नाही, पण फोन घेऊन गेले. त्या दिवसापासून तिची काहीच खबर नव्हती. आणि बरोबर त्यानंतर आठवड्याभरात एका अनोळखी क्रमांकावरून मुलीच्या फोनवर मजकूर आला. मला तुमच्यात यायचं आहे, मी लिहिते, माझं वाचा.

मजकूर फार चांगला होता. एका भिंतीवर पावसाचे ओघळ उतरतात, घरातली बाई रोज त्यांतला एक ओघळ निवडते आणि त्याच्या वाटेवर मनातल्या मनात एक रस्ता बांधते, त्यावर चालत माहेरी जाते. उर्दूच्या बाईंनी वाचून संपवलं आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

पण फोनवर ती येत नव्हती. रोज ठरावीक वेळी चार ओळी लिहून पाठवायची आणि काही मिनिटांत पुसून टाकायची. खरबूज म्हणाली, डाळिंबाच्या फोनमधूनच त्या माणसांना आपले नंबर मिळाले असणार. जर्दाळू घाबरली. मुलगी दोन रात्री झोपली नाही, तिला वाटे आपल्या एका चुकीनं सगळ्या जणी सापडतील.

तेव्हा मी बोलले. कुणी मला विचारलं नव्हतं. पण तोवर मी स्वतःला त्यांच्यातलीच समजायला लागले होते, आणि संशय घेणं हे मला जमणारं काम होतं.

मी म्हटलं, "ही बाई आहे हे तरी तुम्हाला कसं माहीत? आमच्यात 'मी गेले' म्हटलं की बाई कळते. तुमच्या भाषेत गेलेलं माणूस बाई की पुरुष, काहीच कळत नाही. कुणीतरी कचेरीत बसून हे लिहीत असेल. तिचा आवाज मागा. नाही दिला तर काढा."

उर्दूच्या बाईंनी हे भाषांतर करायला थोडा वेळ घेतला. मला वाटलं, त्या शब्द शोधताहेत. आता वाटतं, त्यांना ते सांगायचंच नव्हतं.

तुती म्हणाली, "जिच्याकडं आवाज आहे तिनंच लिहावं असं कुठं आहे?"

पण बाकीच्यांना माझं पटलं. निरोप गेला, एक वाक्य तरी बोलून पाठवा. उत्तर आलं, आवाज देता येणार नाही. का, असं विचारलं. उत्तर आलं, तेही सांगता येणार नाही. मी मुलीकडं बघितलं आणि मान हलवली. तिनं तो क्रमांक ब्लॉक केला. त्या रात्री मला शांत झोप लागली, हेही सांगितलं पाहिजे.

साधारण चार महिन्यांनी डाळिंब परत आली. बहिणीच्या फोनवरून, आवाज बसलेला. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, तुतीनं त्यांना गप्प केलं. डाळिंबानं स्वतःबद्दल काही सांगितलं नाही. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "मी पाठवलेली ती कशी आहे? नीट लिहिते ना?"

मुलीनं हातातलं पेन खाली ठेवलं. उर्दूच्या बाई मला सांगायच्या थांबल्या, पण मला सांगायची गरज नव्हती. खोलीतल्या दोघींचे चेहरे मला दिसत होते.

डाळिंबाची ती जुनी विद्यार्थिनी होती. एका लहान गावात दिलेली. घर दोन खोल्यांचं, त्यात सासू, दोन जावा, आणि दीर नव्या राजवटीच्या कचेरीत कामाला. भाकऱ्या भाजायला ती परसातल्या तंदूरपाशी जायची तेवढीच तिची वेळ. फोन पिठाच्या डब्यात. बोललं तर भिंतीपलीकडं ऐकू जाणार, आणि का बोलता येत नाही हे लिहिलं अन् ते कुणाच्या हातात पडलं, तर घर ओळखू येणार. म्हणून तिनं कारण दिलं नाही. डाळिंबानंच तिला बजावलं होतं, घराबद्दल एक अक्षर कुणालाही लिहू नकोस, आमच्यापैकी कुणालाही नाही. स्वतःचा फोन जायच्या आदल्या दिवशी डाळिंबानं तिला आमचा क्रमांक दिला होता. आम्हाला सांगायचं तेवढं राहून गेलं.

कुणीही माझ्याकडं बोट दाखवलं नाही. तुती फक्त म्हणाली, "आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं." ते खरं नव्हतं आणि ते तिलाही माहीत होतं.

मी खाली आले. स्वयंपाकघरात उभी राहिले, पाणी प्यायले, परत जिन्यापर्यंत गेले, परत आले. थोड्या वेळानं उर्दूच्या बाई आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"मी तुमचं वाक्य मऊ करून सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "जसंच्या तसं सांगितलं."

"का सांगितलंत?"

"कारण मलाही ती खोटीच वाटत होती. इतकं चांगलं कोण लिहितं, असं वाटलं होतं."

तिला शोधायला दोन महिने लागले. तिचा क्रमांक आता लागतच नव्हता. शेवटी डाळिंबाच्या बहिणीनं कुणाच्या तरी लग्नात त्या गावच्या एका बाईला गाठून निरोप धाडला. त्यानंतरही बरेच दिवस काही नाही. मी रोज दुपारी वर जायचे आणि मुलीच्या तोंडाकडं बघायचे. ती मान हलवायची. मला तेव्हा भलतेच विचार यायचे. दिराला कळलं असेल. किंवा तिनं लिहिणं सोडलं असेल, आणि ते माझ्यामुळं.

मग एका दुपारी चार ओळी आल्या. उर्दूच्या बाईंनी त्या दोनदा वाचल्या. तुमचा निरोप मिळाला. तुम्ही संशय घेतलात यात चूक नाही, मीही घेतला असता, मी रोज इथं सगळ्यांचा घेते. पण तुम्ही काढल्यावर मी तंदूरपाशी गेले की नुसत्या भाकऱ्याच भाजायचे, ते फार जड गेलं.

मी मुलीला म्हटलं, लिही, की हे सुचवणारी बाई सोलापूरची आहे, तुमच्यातली नाही, तिला क्षमा मागायची आहे. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. सोलापूर कुठं आहे ते मला माहीत नाही. त्या बाईंना सांगा, पुढची कथा त्यांनीही ऐकावी आणि चूक असेल तिथं सांगावी.

तिला फळ निवडायला सांगितलं तर तिनं निवडलं नाही. तिनं लिहिलं, दिराच्या हाती कधी काही लागलंच तर माझ्या जागी काहीच नसलेलं बरं. वहीत तिच्या मजकुरावर मुलगी मोकळी जागा सोडायची.

मुलगी मागच्या वर्षी एका थंड देशात गेली. तिथं तिला पुढं शिकायला जागा मिळाली. सोलापूर स्टेशनवर मी आणि उर्दूच्या बाई सोडायला गेलो होतो. वह्यांचे फोटो तिच्याकडं आहेत, वह्या आमच्याकडं ठेवून गेली. कुठं ठेवल्यात ते मी इथं लिहिणार नाही. हवालदार पुन्हा एकदा येऊन गेला, म्हणाला, "गेली व्हय? बरं झालं, तुमच्या डोक्याचा ताप गेला." मी हो म्हटलं.

आता लिहून घ्यायचं काम उर्दूच्या बाई करतात. त्यांना दिसायला कमी आलंय, म्हणून मी भिंग धरून बसते आणि ओळ सुटली तर बोट ठेवते. तेवढी अक्षरं मला आता कळतात. डाळिंबाला खोकला राहिलाय, पण ती वाचते. जर्दाळूचं लग्न ठरवताहेत. मुलाकडच्यांना ती लिहिते हे माहीत नाही, आणि ते सांगावं की नाही यावर बायकांचे दोन तट पडलेत.

मोकळ्या जागेवालीचं मात्र मध्ये तीन आठवडे काही आलं नाही. तुतीनं दोनदा विचारलं, आम्हीही दोनदा विचारलं. सुईण त्या बाजूला कुणाची ओळख निघते का ते बघत होती. उर्दूच्या बाई म्हणाल्या, जास्त निरोप धाडू नका, त्यानंच तिला धोका. मग आम्ही गप्प बसलो, आणि रोज दोनला फोन समोर ठेवून बसायचो.

परवा आलं. घरात पाहुणे होते, भाकऱ्या दुसऱ्या जणी भाजत होत्या, असं तिनं लिहिलं होतं, आणि खाली नव्या कथेची पहिली अडीच पानं. तुती म्हणाली, सुरुवात लांबलीय. मलाही तसंच वाटलं होतं, पण या वेळी मी आधी बोलले नाही.